आवाज कुठे जातो

दिवेलागणीची वेळ झाली आणि रातोमिरच्या खोलीतला आवाज पुन्हा गेला.

सकाळी आवाज होता. दुपारी जेवण झाल्यावर त्याने मुद्दाम एक जुनी टेप लावून पाहिली, तेव्हाही टेबलावरचे दोन्ही स्पीकर शहाण्या पोरांसारखे वाजले होते. आता पडद्यावर टेप पुढे सरकत होती, आवाजाची हिरवी पट्टी वरखाली नाचत होती आणि खोलीत चुलीतली लाकडं तेवढी तडतडत होती. रातोमिरने शिवीसुद्धा दिली नाही. सप्टेंबरपासून रोज हेच चाललं होतं आणि त्याच्याजवळच्या शिव्या संपल्या होत्या.

ज्याचा सगळा जन्म आवाजात गेला त्याच्याच घरी हे व्हावं, याची पिरोतमध्ये यथेच्छ थट्टा झाली. गावातलं रेडिओ केंद्र बंद पडेपर्यंत रातोमिर तिथे ध्वनितंत्रज्ञ होता. काचेमागे बसायचं, बटणं सरकवायची, निवेदकाला बोटाने खूण करायची, हे त्याचं काम. स्वतः माइकसमोर तो कधी बोलला नाही. केंद्र बंद झालं तेव्हा कचऱ्यात निघालेल्या टेपा त्याने हातगाडीवर घालून घरी आणल्या आणि तेव्हापासून एकेक करून त्या तो कॉम्प्युटरवर उतरवून घेत होता. बहुतेक टेपा संध्याकाळच्या फर्माइशींच्या कार्यक्रमाच्या होत्या. कुणाचा मुलगा सैन्यात चाललाय, कुणाला नात झाली, कुणी नवं घर बांधलं. आधी नावं वाचायची, मग गाणं लावायचं. अख्खा जिल्हा त्या वेळी रेडिओला कान लावून बसायचा, कारण कुणी कुणाला आठवणीने शुभेच्छा दिल्या आणि कुणी चक्क टाळलं, हे तिथेच कळायचं.

कॉम्प्युटर जुना होता आणि त्यावर लिनक्स होतं. लिनक्स फुकट मिळतं. आम्हा पिरोतकरांच्या चिक्कूपणाचे विनोद साऱ्या सर्बियात चालतात, त्यामुळे रातोमिरने कितीही जीव तोडून सांगितलं, की मी हे घेतलं ते त्याचं पोट उघडून आत काय चाललंय ते बघता येतं म्हणून, तरी कुणी मनावर घेतलं नाही. फुकट होतं म्हणून घेतलं, हेच गावाने धरून ठेवलं. खरं सांगायचं तर दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या.

या दीड-दोन महिन्यांत ते पोट त्याने इतक्या वेळा उघडलं, की बिचाऱ्या यंत्राचीच दया यावी. काळ्या खिडकीत हुकूम टाइप करून तो साउंड कार्डाच्या आवाजाची पातळी दाखवणारे खांब तपासायचा. सगळे खांब वर, एकही म्यूट नाही. वायर बदलली. ड्रायव्हर काढून पुन्हा बसवला. आवाजाची सगळी यंत्रणा बंद करून नव्याने सुरू केली. पडद्याच्या कोपऱ्यात स्पीकरचं एक इवलं चित्र असतं, त्यावर टिचकी मारली की सेटिंग्जची खिडकी उघडते. तिकडे मात्र तो फिरकला नाही. ती खिडकी ज्यांना काही येत नाही त्यांच्यासाठी असते, असं जुन्या लिनक्सवाल्यांचं ठाम मत असतं आणि या बाबतीत रातोमिर कट्टर होता.

नुसता यंत्राचा प्रश्न असता तर त्याने एवढा आटापिटा केला नसता. संध्याकाळी टेपा लावायच्या त्या वरचा मजला ऐकू येऊ नये म्हणून. घर जुनं, मधली जमीन लाकडाची. वर ल्युबिंका राहत होती, त्याची बायको. आवाज गेला की तिची पावलं ऐकू यायची, खुर्ची सरकवलेली ऐकू यायची, नळ सोडलेला ऐकू यायचा. आणि तिचा रेडिओ लागलेला असायचा, त्याची नुसती गुणगुण खाली झिरपायची. 'तिचा बरा चालतो,' असं मनात म्हणत तो यंत्र बंद करायचा. तेवढ्यात वरचंही शांत झालेलं असायचं. झोपली असेल, असं म्हणून तोही आडवा व्हायचा आणि छताकडे बघत पडायचा. ती खाली यायला हवी होती. बाकी त्याला काही नको होतं.

ती वर गेली त्याला कारण घडलं होतं. फेब्रुवारीत एका सकाळी तिला फोन आला. फोन ठेवून ती रातोमिरच्या खोलीच्या दारात येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "माझा भाऊ गेला." रातोमिर मोठे हेडफोन लावून टेपेतली खरखर काढत बसला होता. त्याने अर्धवट मान वळवली, हसला आणि म्हणाला, "बरं, बरं. छान. येतोच मी."

ती एकटीच बस पकडून डोंगरावरच्या गावी गेली. रातोमिरला बातमी कळली ती बेकरीत. तो धावतपळत पोचला, दफनाच्या वेळी सगळ्यांच्या मागे उभा राहिला. परत आल्यावर त्याने तिला नीट समजावून सांगितलं, की हे हेडफोन कान पूर्ण बंद करणारे असतात, बाहेरचं काही आत येऊच शकत नाही. ती म्हणाली, "ते मला माहीत आहे." आणि गादी, कॉफीचं भांडं आणि स्वयंपाकघरातला छोटा स्पीकर घेऊन ती वरच्या मजल्यावर राहायला गेली, जिथे मरेपर्यंत त्याची आई राहायची. वरचा जिना बाहेरून होता. एकमेकांचं तोंड न बघता दोघं एकाच छपराखाली राहू शकत होते आणि राहत होते.

आता ऑक्टोबर संपत आला होता. गल्लीभर मिरच्या भाजल्याचा वास होता, भिंतींवर लाल माळा चढल्या होत्या आणि महिन्याच्या शेवटच्या दिवशी संत लुका होता. संत लुका म्हणजे रातोमिरच्या घराण्याची स्लावा, घराच्या संताचा दिवस. प्रत्येक घराचा एक संत, बापाकडून मुलाकडे आलेला. त्या दिवशी मेणबत्ती लागते, पाद्री येतो, घरातल्या मेलेल्यांच्या नावाने शिजवलेला गोड गहू दारातच प्रत्येकाच्या हातावर पडतो आणि मग जेवणं. स्लावाला कुणी कुणाला बोलावत नाही. ज्याला यायचं तो येतो, ज्याचं त्याला कळतं. बोलावणं करणं म्हणजे तू आमच्यातला नाहीस असं सांगणं.

आणि रातोमिरने नेमकं तेच केलं होतं. महिन्याच्या सुरुवातीला ती अंगणात मिरच्या सोलत होती, तेव्हा सगळा धीर गोळा करून तो म्हणाला, "ल्युबिंका, लुकाला येशील ना?"

तिचे हात थांबले. "बोलावतोयस मला?"

"हो. म्हणजे, आलीस तर."

"माझ्या घरच्या स्लावाचं मला बोलावणं," ती म्हणाली. पातेलं उचललं आणि जिना चढून गेली. ज्या घरात तिने लग्न झाल्यापासून दर वर्षी गहू शिजवला, त्या घरी तिला पाहुणी म्हणून बोलावणारा दुसरा गाढव आमच्या गावात जन्मायचा आहे.

तर त्या संध्याकाळी, आवाज पुन्हा गेला तेव्हा, दार ढकलून स्तोयादिन आत आला. स्तोयादिन हा रातोमिरचा कूम, म्हणजे लग्नात शेजारी उभा राहिलेला साक्षीदार. कूम आमच्याकडे सख्ख्या भावाच्या वरचा, त्यामुळे त्याला दोन्ही मजल्यांवर मुभा होती. तो वर कॉफी प्यायचा आणि खाली राकिया, म्हणजे फळांची दारू.

"गेला?" स्तोयादिनने टोपी काढत विचारलं.

"गेला."

"कूम, मी सांगू? तुझी आई. तिला संध्याकाळी गोंगाट खपायचा नाही. वरून बंद करते ती."

"तिच्या खोलीत आता ल्युबिंका राहते."

"मग दोघी मिळून करत असतील." स्तोयादिनने स्वतःच बाटली काढली, स्वतःच ग्लास शोधला. "माझ्याकडे बघ. पैसे मोजून घेतलेलं विंडोज. लावलं की वाजतं."

"तुझं वाजतं, पण का वाजतं ते तुला माहीत नाही."

"आणि तुझं का वाजत नाही ते तुला माहीत नाही. मग फरक काय राहिला?" एवढं बोलून त्याने खुर्ची ओढली, माऊस हातात घेतला आणि कुणाला न विचारता कोपऱ्यातल्या त्या इवल्या स्पीकरवर टिचकी मारली.

"ते उघडू नकोस. त्यात काही नसतं."

"कसं नसतं? यादी आहे की." स्तोयादिनने चष्मा कपाळावर चढवला आणि पडद्याला नाक लावून वाचू लागला. "आवाज कुठे पाठवायचा. पहिलं, अंगभूत साउंड कार्ड. दुसरं, पडदा. तिसरं, स्वयंपाकघर." तो थांबला. "तिसऱ्यावर खूण आहे, कूम. तुझा आवाज स्वयंपाकघरात चाललाय."

रातोमिरने मागे वळून स्वतःच्या स्वयंपाकघराकडे पाहिलं. तिथे बटाट्याची पिशवी होती आणि न धुतलेल्या बशा होत्या.

मग त्याला आठवलं. तो छोटा स्पीकर त्यानेच आणला होता, ल्युबिंकाला मिरच्या सोलताना ऐकायला. वायरीशिवाय चालणारा. त्यानेच त्याची कॉम्प्युटरशी ओळख करून दिली होती आणि त्यानेच त्याला 'स्वयंपाकघर' असं नाव दिलं होतं. त्याच्यात रेडिओही होता. ती तो वर घेऊन गेली, संध्याकाळी रेडिओ लावू लागली. आणि सप्टेंबरमध्ये रातोमिरने मोठ्या हौसेने लिनक्सची नवी आवृत्ती चढवली. नव्या आवृत्तीला खोड होती. ओळखीचा स्पीकर कुठे जवळपास जागा झाला, की ती त्याला लगेच जोडून घ्यायची आणि सगळा आवाज तिकडे वळवायची. काळ्या खिडकीतले खांब दाखवायचे ते फक्त साउंड कार्डाचे, आणि साउंड कार्ड बिचारं ठणठणीत होतं.

त्याने हात लांब करून टेप थांबवली. वरची गुणगुण थांबली.

टेप सुरू केली. वर गुणगुण सुरू झाली.

स्तोयादिनने ग्लास खाली ठेवला. "अरे देवा," तो हळूच म्हणाला. "इतकी वर्षं आवाजाच्या धंद्यात, आणि तुला स्वतःची टेप ओळखू आली नाही?"

रातोमिर छताकडे बघत होता. त्याच्या मनात भलतंच चाललं होतं. त्या स्पीकरला एक बटण होतं. कॉम्प्युटरने येऊन मध्येच रेडिओ तोडला, तर ते बटण दाबायचं, की रेडिओ परत. हे त्यानेच तिला शिकवलं होतं. सप्टेंबरपासून रोज संध्याकाळी तिचा रेडिओ तुटत होता आणि सप्टेंबरपासून एकदाही तिने ते बटण दाबलं नव्हतं.

"तुला ती काही बोलली होती?" त्याने विचारलं.

"बोलली होती. संध्याकाळी फर्माइशींचा जुना कार्यक्रम लागतो म्हणाली, भाजी निवडता निवडता बरं वाटतं. मला वाटलं, कुठलं तरी केंद्र असेल."

"असलं केंद्र आता कुठेच नाही. तिला माहीत आहे."

"मग जा की वर."

"दार नाही उघडत. दोनदा गेलो होतो."

"काय म्हणालास दाराबाहेरून?"

"की हेडफोनचं—"

"पुरे," स्तोयादिन म्हणाला. "कूम म्हणून सांगतो, पुन्हा हेडफोनचं नाव काढलंस तर मी पण वर राहायला जाईन."

दुसऱ्या दिवसापासून रातोमिरने आवाज परत आणायची खटपट सोडून दिली. यादीतल्या तिसऱ्या नावापुढची खूण तशीच राहू दिली. आयुष्यात पहिल्यांदाच तो ऐकणाऱ्याचा विचार करून टेप निवडू लागला. दिवेलागणीच्या आधी दाढी करायचा, कशासाठी कुणास ठाऊक, आणि टेबलापाशी येऊन बसायचा. मग टेप लावायची आणि वर कान द्यायचा. गुणगुणीवरून काही कळत नव्हतं, पण पावलांवरून कळायचं. तिच्या माहेरच्या गावाचं नाव ज्या टेपेत येतं ती लावली, तेव्हा वरची पावलं मध्येच थांबली आणि बराच वेळ हलली नाहीत. एकदा चुकून एका जुन्या नगराध्यक्षाचं उद्घाटनाचं भाषण लागलं, तर खाडकन त्याच्याच खोलीतले स्पीकर बोलू लागले आणि वर बातम्या सुरू झाल्या. तिने बटण दाबलं होतं. रातोमिरने घाईघाईने भाषण काढून लग्नातल्या नाचाची टेप लावली, ती खाली वाजत राहिली, आणि घटकाभराने खालचे स्पीकर आपोआप गप्प झाले. तिने पुन्हा बटण दाबून टेप वर घेतली होती. तो खुर्चीत मागे रेलून एकटाच हसला, आणि हसता हसता त्याचे डोळे भरून आले. इतक्या महिन्यांनी दोघांत काहीतरी बोलणं झालं होतं.

पण टेपा किती दिवस लावणार? टेपेतले सगळे लोक एकमेकांना शुभेच्छा देत होते, तिला मात्र कुणीच काही म्हणत नव्हतं.

लुकाच्या आदल्या दिवशी दुपारी त्याने खणातला माइक काढला, धूळ पुसली, तोंडासमोर धरला आणि तसाच धरून बसला. किती लोकांना त्याने काचेमागून बोटाने खूण करून बोलतं केलं होतं. स्वतःवर वेळ आली तेव्हा खूण करायला कुणी नव्हतं. पहिल्यांदा बोलला ते त्याने पुसलं. दुसऱ्यांदा बोलला त्यात हेडफोन कसे चालतात ते आलं, तेही पुसलं. पुढचंही पुसलं. शेवटी अंधारून येता येता तो जे बोलला ते त्याने पुन्हा ऐकून न बघताच राहू दिलं, कारण ऐकलं असतं तर तेही पुसलं गेलं असतं.

वर पावलं वाजली. खुर्ची सरकली. टेबलावरचे स्पीकर बारीकशी टिक करून गप्प झाले, म्हणजे तिने आपला लावला होता. रातोमिरने हात पँटला पुसले आणि स्वतःचा आवाज वर पाठवला. खाली त्याला काहीच ऐकू येत नव्हतं, पण शब्द न् शब्द पाठ होता, त्यामुळे पडद्यावरची पट्टी बघत तो मनातल्या मनात बरोबर चालत राहिला.

'श्रोतेहो, शुभ संध्याकाळ. निवेदक आज आलेला नाही, म्हणून तंत्रज्ञच बोलतोय, सांभाळून घ्या. आजची एकच फर्माइश आहे. वरच्या मजल्यावरच्या ल्युबिंकासाठी, तळमजल्यावरून. ल्युबिंकाचा भाऊ स्वेतोझार गेल्या हिवाळ्यात गेला. ही बातमी तिने स्वतः येऊन एका माणसाला सांगितली आणि त्याने ती ऐकली नाही. यात यंत्राचा काही दोष नव्हता. तिच्या बोलण्यात ऐकण्यासारखं काही नसतं, असं तो बरीच वर्षं धरून चालला होता. स्वेतोझार कसा गेला, त्या वेळी त्याच्याजवळ कोण होतं, हे त्या माणसाला अजून माहीत नाही. त्याने विचारलं नाही. कबरीपाशीसुद्धा तो आपली बाजू कशी मांडायची याचाच विचार करत होता...'

इथे त्याच्या टेबलावरचे दोन्ही स्पीकर एकदम बोलू लागले.

"...आणि उद्या लुका आहे," खोलीत त्याचाच आवाज घुमला, घोगरा, भीतीने चोंदलेला. "हे बोलावणं नाही. मागे बोलावलं ते चुकलं. गहू आणलाय, धुतलाय, पुढे काय करायचं ते मला येत नाही. मेलेल्यांच्या नावांत स्वेतोझारचं नाव—"

रातोमिरने झडप घालून टेप थांबवली.

खोली शांत झाली. सप्टेंबरपासून ज्या आवाजासाठी त्याने सगळं रान पालथं घातलं तो आवाज परत आला होता आणि इतका नकोसा त्याला आयुष्यात कुठला आवाज झाला नव्हता. यादीत आता दोनच नावं उरली होती. स्वयंपाकघर गेलं होतं. तिने नुसतं बटण दाबलं असतं तर वर बातम्या लागल्या असत्या. वर काहीच लागलं नव्हतं. तिने स्पीकरच बंद केला होता. ऐकवत नव्हतं तिला. तो तसाच बसून राहिला, हात मांडीवर टाकून, आणि उद्या पाद्र्याला काय सांगायचं, येणाऱ्यांच्या हातावर काय ठेवायचं, असलं काहीतरी डोक्यात फिरत राहिलं, कारण खरा विचार करायची त्याची छाती होत नव्हती.

बाहेरच्या जिन्यावर पावलं वाजली. लाकडं न्यायला उतरली असेल, असं त्याला वाटलं. पावलं लाकडांच्या छपराकडे वळली नाहीत. दार उघडलं आणि ल्युबिंका आत आली, डोक्याला काळा रुमाल, अंगावर घरातलाच स्वेटर.

"केवढ्याने लावलंयस," ती म्हणाली. "सगळ्या गल्लीने ऐकलं असेल."

"तू बंद केलंस, म्हणून इथे वाजलं."

"मग? मी खाली येणार आणि ते वर एकटंच चालू ठेवू? वीज काय फुकट येते?"

ज्या गावात खोलीतून निघताना माणूस आधी दिवा मालवतो आणि मग दार शोधतो, त्या गावात जन्म काढूनही रातोमिरच्या हे ध्यानात आलं नव्हतं.

ती स्वयंपाकघरात गेली. न धुतलेल्या बशा तिने एका बाजूला सारल्या. मग गव्हाच्या पातेल्यावरचं फडकं उचललं.

"खडे काढलेस?"

"काढले."

"किती पाण्यांनी धुतलास?"

"तीन. पाणी स्वच्छ येईपर्यंत."

"बरा आहे गहू," ती म्हणाली. पातेलं चुलीवर चढवलं, झाकण तिरकं ठेवलं, लांब लाकडी चमचा खिळ्यावरून काढला. तो चमचा ती वर घेऊन गेली नव्हती. रातोमिर दारात उभा होता. आत यावं की नाही हे त्याला कळत नव्हतं.

"ल्युबिंका," तो म्हणाला, "स्वेतोझार कसा गेला?"

तिने वळून पाहिलं नाही. चमचा पातेल्यात फिरत राहिला. पूर्वीचा रातोमिर असता तर एवढ्या वेळात त्याने विषय बदलला असता, माफी मागितली असती, निदान खोकला तरी असता. तो गप्प उभा राहिला. पाण्याला आधण येऊ लागलं, झाकण हलू लागलं.

"रात्रभर बर्फ पडला होता," ती पातेल्याकडे बघत म्हणाली. "सकाळी उठून मेंढ्यांच्या कोंडवाड्यापर्यंत वाट मोकळी करायला गेला. वाट केली, चारा टाकला, परत आला. आणि बूट न काढता तसाच बाकावर बसला. वहिनी चुलीपाशी होती. म्हणाली, बूट काढ, जमीन आत्ताच पुसलीय. तो काही बोलला नाही. तिने पुन्हा सांगितलं. तरी नाही. मग ती चिडली. तिला वाटलं, ऐकून न ऐकल्यासारखं करतोय. पाठमोरी उभी राहून बोलतच राहिली बिचारी. किती वेळ कोण जाणे. तूप कढेपर्यंत त्याला बोलत होती."

चमचा थांबला. ल्युबिंकाचे खांदे हलले, आणि तिने डोळे स्वेटरच्या बाहीला पुसले.

रातोमिर आत आला, तिच्या शेजारचं स्टूल ओढलं आणि बसला.

"मग?" त्याने विचारलं.